प्लास्टर शिकायला निघालात? आधी हत्यारं तपासून घ्या

पहिल्यांदा प्लास्टर करणाऱ्याची भिंत बिघडतेच. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पण ती कशानं बिघडली हे कळलं पाहिजे. हात नवा, मालाचा अंदाज नवा, आणि त्यात माल सपाट कापायची पट्टीच वाकडी निघाली तर दोष हाताचा की पट्टीचा, हे कळायला मार्गच उरत नाही. जुना मिस्त्री वाकड्या पट्टीनंही भिंत सरळ काढतो, कारण ती कुठे किती वाकली हे त्याला पाठ असतं. शिकणाऱ्याकडे तो अनुभव नसतो. म्हणून नवशिक्यानं हत्यारं कमी घ्यावीत, पण घेतलेलं प्रत्येक हत्यार सरळ आणि तपासलेलं असावं. आम्ही नव्या पोरांना ज्या क्रमानं हत्यारं घ्यायला लावतो आणि त्यांच्यावर पहिली भिंत काढून घेतो, त्याच क्रमानं हे लिहिलं आहे.

आधी एक गोष्ट साफ करून घेऊ. मोबाइलवर प्लास्टरचे जे व्हिडिओ दिसतात त्यातले पुष्कळसे जिप्समचे असतात. डाव्या हातात सपाट पाटी, उजव्या हातात चौकोनी लांबट स्टीलचं पातं, आणि लोण्यासारखा माल भिंतीवर अलगद ओढलेला. ते काम देखणं दिसतं, पण तो माल वेगळा आणि ती हत्यारंही वेगळी. आपल्या विदर्भातल्या गावांत घरकुलाच्या भिंतीला रेती-सिमेंटचा माल लागतो. तो थापीनं फेकून मारावा लागतो. विटेच्या सरळ बाजूला १२ मिलीमीटर, खडबडीत बाजूला १५, आणि बाहेरून दोन थरांत मिळून २० मिलीमीटर असा जाड थर बसवायचा असतो. व्हिडिओ पाहून तो संच मागवला की पैसे जातात आणि हत्यार कोपऱ्यात पडून राहतं.

एकाच दुकानात सगळं घेऊ नका. थापी, ओळंबा (भिंत उभी सरळ आहे का बघायचं सुताचं वजन), गुण्या (काटकोन बघायचं हत्यार), घमेलं हार्डवेअरच्या दुकानातून. रंधा, म्हणजे ओल्या प्लास्टरवर फिरवायची मुठीची लाकडी फळी, सुताराकडून. पट्टी ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडून. तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी ही तिन्ही कामं एका फेरीत होतात, पण शक्य असेल तर बाजाराचा दिवस टाळा. गर्दीत दुकानदार तुम्हाला दहा थाप्या हाताळू देणार नाही, आणि थापी हाताळल्याशिवाय घेऊच नये.

थापीला आपल्याकडे करणीही म्हणतात; दुकानात कुठलंही नाव घ्या, हीच पुढे येईल. पहिली थापी ८ इंची घ्यावी. दहा इंचीवर माल जास्त बसतो म्हणून ती घ्यायचा मोह होतो. पण माल जास्त म्हणजे वजन जास्त, आणि नव्या मनगटाला ते दुपारपर्यंत झेपत नाही. मनगट थकलं की माल फेकला जात नाही, ढकलला जातो. ढकललेल्या मालाच्या मागे हवा राहते आणि तिथेच पुढे भिंत पोकळ वाजते.

दुकानाच्या काउंटरची काच हे तपासणीचं उत्तम साधन आहे. थापीचं पातं काचेवर पालथं ठेवा आणि डोळा काचेच्या पातळीला आणून बघा. टोक आणि दोन्ही खांदे काचेला टेकले पाहिजेत. मध्ये कागद जाईल एवढी फट चालेल. पण एक खांदा टेकला आणि दुसरा उचललेला राहिला, तर पात्याला पीळ आहे. पीळ असलेली थापी मालावर फिरवली की दर वेळी एकाच बाजूला ओरखडा उठतो. मग टोक काउंटरच्या कडेवर टेकवून अर्धा इंच वाकेल एवढं दाबा आणि सोडा. पातं पुन्हा सरळ झालं पाहिजे. वाकलेलंच राहिलं तर पत्रा मऊ आहे. अजिबात वाकलं नाही तर पातं फार जाड आहे. अशा थापीतून हाताला मालाची जाण येत नाही.

त्यानंतर मान बघा, म्हणजे पातं आणि मूठ जोडणारी वाकडी सळई. पातं आणि मान एकाच तुकड्यातून ठोकून काढलेली असेल तर सर्वांत चांगलं. वेल्डिंग असेल तर ते मानेच्या चारी बाजूंनी भरलेलं हवं. बऱ्याच स्वस्त थाप्यांना फक्त वरून दोन थेंब दिलेले असतात आणि खालून फट तशीच असते. त्या फटीत सिमेंटचं पाणी शिरतं, गंज धरतो, आणि ऐन छताच्या कामात पातं हातातून निखळतं. नाण्यानं पात्यावर हलकं टिचकवा. खणखणीत वाजलं तर जोड पक्का, ‘थप्’ असा बसका आवाज आला तर ठेवून द्या.

मानेचा उंचवटाही बघायचा असतो. पातं काचेवर सपाट ठेवून मूठ कामाला धरतो तशी धरा, म्हणजे अंगठा मुठीच्या वर पुढे मानेकडे आणि चार बोटं खाली. बोटांची पेरं काचेला घासली नाहीत तर ठीक. घासली तर भिंतीवरही घासणार, आणि सोललेल्या पेरावर ओला माल लागला की काय होतं ते पहिल्याच दिवशी कळतं. मूठ लाकडी घ्या. प्लास्टिकची मूठ घामानं सटकते. लाकडी मूठ आपल्या उन्हाळ्यात सुकून सैल होते हे खरं. त्यावर पुष्कळ जण ती रात्रभर पाण्यात बुडवतात. लाकूड फुगतं, मूठ घट्ट वाटते, आणि दोन दिवसांत पुन्हा सुकून पहिल्यापेक्षा सैल होते. त्यापेक्षा बांबूची पातळ पाचर ठोकून घ्या आणि मुठीला जवसाचं तेल चोळा. जवस आपल्याच वावरातलं. हे तेल लाकडात मुरून सुकतं, त्यामुळे लाकूड पाणी धरत नाही. तेल पुसलेली चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चोळामोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती तारेवर पसरून वाळवावी.

नव्या पात्यावर गंज लागू नये म्हणून रोगण किंवा ग्रीस लावलेलं असतं. ते बारीक पॉलिश पेपरनं काढून टाका, नाहीतर पहिले काही दिवस माल पात्यावरून नीट सुटत नाही. कुणा जुन्या मिस्त्रीनं वापरून पातळ झालेली थापी देऊ केली तर जरूर घ्या. वापरलेलं पातं लवचीक असतं आणि मालाला सरावलेलं असतं. फक्त ते एका बाजूनं जास्त झिजलेलं नाही ना, एवढं बघा. याशिवाय चार इंची लहान थापी एक. खिडकीच्या धारा, कोपरे आणि बोर्डाच्या पेटीभोवतीच्या जागा तिच्याशिवाय जमत नाहीत. तिची एवढी तपासणी करायची गरज नाही.

रंधा दुकानातला तयार घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तयार रंध्याचं लाकूड बहुधा कच्चं असतं. आठ दिवस पाणी आणि ऊन खाल्लं की तो होडीसारखा वाकतो. आपला भाग सागवानाचा. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं, आलापल्लीच्या जंगलातलं सागवान नावाजलेलं आहे, आणि दाराच्या चौकटीतून उरलेले तुकडे गावोगावच्या सुतारांकडे पडलेले असतात. असा एक जुना वाळलेला तुकडा मागून घ्या. १२ इंच लांब, साडेचार इंच रुंद, पाऊण इंच जाड. लाकडाचे रेषे लांबीच्या दिशेनं धावले पाहिजेत, गाठ नको. वरच्या मुठीचे स्क्रू खालून लावावे लागतात. सुताराला सांगून त्यांची डोकी लाकडात दोन-तीन मिलीमीटर आत बसवून घ्या. खालचा पृष्ठभाग झिजत जातो. डोकी वर राहिली तर महिनाभरात ती भिंतीवर गोल रेघा मारायला लागतात, आणि रेघ कुठून येते हे शिकणाऱ्याला लवकर सापडत नाही.

नवा रंधा पहिल्या वापराआधी रात्रभर पाण्यात ठेवायचा. इथे मात्र भिजवणं बरोबर आहे, कारण कोरडं लाकूड मालातलं पाणी ओढून घेतं, मालाला चिकटतं आणि माल फाडून आणतं. रंध्याच्या खालच्या बाजूला तेल कधीच लावू नये. तेलाचा अंश भिंतीवर राहिला तर वर पुट्टी आणि रंग धरत नाही.

प्लास्टिकचा रंधा हलका असतो आणि वाकत नाही, तो वाईट नाही. पण लाकडाच्या रंध्यानं पृष्ठभाग किंचित खरखरीत आणि उघडा राहतो, वर पुट्टीला पकड मिळते. स्टीलचा गुरमाळा, म्हणजे भिंत गुळगुळीत करायचं सपाट पातं, तर पहिले सहा महिने घेऊच नका. गुळगुळीत भिंतीच्या हौसेनं नवशिका त्यानं घोटत बसतो. घोटलं की सिमेंटचं दूध वर येतं, वरचा पापुद्रा खालच्या थराहून जास्त आकसतो आणि सुकल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. त्यावर काही जण सुकं सिमेंट भुरभुरतात, त्यानं भेगा वाढतातच.

आता पट्टी. सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त लक्ष हिच्यावर घालवा, कारण भिंतीचा सपाटपणा हिच्याच कडेवरून येतो. ॲल्युमिनियमचा पोकळ चौकोनी पाइप, अडीच इंच बाय एक इंच, लांबी ५ फूट. तीन फुटी पट्टी हाताला सोपी वाटते, पण ती भिंतीच्या लाटेवर स्वार होऊन जाते. चार फुटांची लाट तीन फुटी पट्टीखाली लपते आणि ट्यूबलाइट लागली की संध्याकाळी दिसते. सहा-सात फुटी पट्टी एकट्या नवशिक्याला पेलत नाही, तिचं एक टोक मालात रुततं. पाच फूट हे मधलं माप आहे. पुढे खिडकीच्या बाजूंसाठी दोन फुटी तुकडा त्याच पाइपातून कापून घेता येतो.

पट्टी सरळ आहे का, हे नुसत्या डोळ्यानं बघून ठरवू नका. दुकानाच्या फरशीवर तिची कड टेकवून टोकदार पेन्सिलीनं पूर्ण लांबीची रेघ मारा. मग पट्टीची टोकं अदलाबदल करून तीच कड रेघेच्या दुसऱ्या बाजूनं त्याच रेघेला लावा आणि दुसरी रेघ मारा. दोन रेघा एकावर एक पडल्या तर पट्टी सरळ. मध्ये डोळ्याच्या आकाराची फट दिसली तर जेवढी फट, त्याच्या निम्मा वाक पट्टीत आहे. एका मिलीमीटरचा वाक म्हणजे रेघांत दोन मिलीमीटर फट, ती सहज दिसते. दुसऱ्या कडेचीही अशीच तपासणी करा, आणि जी कड जास्त सरळ आहे तिच्या टोकाला रंगाचा ठिपका द्या. माल कापायला नेहमी तीच कड वापरायची. शेवटी कडेवरून अंगठ्याचं नख पूर्ण लांबीभर ओढा. नख जिथे अडकेल तिथे खाच किंवा दबलेली जागा आहे, आणि ती प्रत्येक ओढीला भिंतीवर एक उभी रेघ ठेवून जाईल. अशी पट्टी बदलून मागा.

ओळंब्यात एक फसवणूक असते, म्हणजे बनवणाऱ्याचा निष्काळजीपणा असतो. सुताला ओवलेला गट्टू आणि खालचं वजन या दोघांची जाडी एकसारखी हवी. तरच गट्टू भिंतीला टेकवल्यावर वजन भिंतीला नुसतं स्पर्शून लटकतं. स्वस्त ओळंब्यात गट्टू जाड आणि वजन बारीक निघतं. मग भिंत ओळंब्यात असूनही खाली फट दिसते, आणि नवशिका ती भरायला खाली जास्त माल चढवतो. गट्टू आणि वजन काचेवर शेजारी आडवे ठेवून वरून स्टीलची मोजपट्टी टेकवा. ती दोघांवर सारखी बसली तर ओळंबा घ्या. वजन जड असलेलं बरं, वाऱ्यानं कमी हलतं. उन्हाळ्यात दुपारी झळा सुटल्यावर बाहेरच्या भिंतीला ओळंबा लावूच नका, सकाळी लावा.

गुण्या तपासायला ३-४-५ पुरे: एका भुजेवर कोपऱ्यापासून ३०, दुसरीवर ४० सेंटिमीटरला खूण केली तर दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५० हवं. पाणी भरून दोन जागांची पातळी बघायची लेव्हलची नळी पारदर्शक घ्यावी, तीस फूट पुरते. तिच्यात बुडबुडा राहिला तर दोन टोकांची पातळी खोटी दाखवते, एवढं लक्षात ठेवा. घमेली दोन, एक लोखंडी आणि एक प्लास्टिकचं. लोखंडी घमेलं उन्हात तापून माल सुकवतं, म्हणून भिंतीजवळ माल ठेवायला प्लास्टिकचं. पाणी शिंपडायला चार इंची ब्रश, शेवटच्या हाताला स्पंज, सांधे खरवडायला जुना लोखंडी आकडा, काँक्रीटला टोचे मारायला छन्नी-हातोडी, सूत आणि खिळे. फावडं घरचंच चालतं.

हातमोजे आणि चष्मा हे खर्चाच्या यादीत शेवटी येतात आणि पैसे संपले की गळतात. तसं करू नका. ओलं सिमेंट तीव्र क्षारधर्मी असतं, कातडी हळूहळू खातं. लागतं तेव्हा दुखत नाही आणि संध्याकाळी बोटांच्या बेचक्या फुटलेल्या असतात. रबरी हातमोजे घट्ट बसणारे घ्या, ढगळे असले की थापीची पकड जाते आणि माणूस ते काढून ठेवतो. डोळ्यात माल उडाला तर चोळायचं नाही. स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवत राहायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा.

चाळणीशिवाय रेती वापरू नये. कन्हान असो की वैनगंगा, नदीची रेती जाड असते, काँक्रीटला उत्तम, पण प्लास्टरला चाळावीच लागते. तिच्यातला एखादा खडा पट्टीखाली सापडला की दोन फुटांची चर पडते. जाळीचं माप सोप्या भाषेत सांगायचं तर ज्वारीचा दाणा अडकावा आणि तीळ खाली पडावा. नाल्याच्या रेतीत माती असते. पारदर्शक बाटली अर्धी रेतीनं भरा, पाणी आणि चिमूटभर मीठ टाका, हलवून तीन तास ठेवा. रेतीवर गाळाचा थर बसेल. तो एकूण थराच्या आठ टक्क्यांहून जास्त, म्हणजे दहा सेंटिमीटरात आठ मिलीमीटरपेक्षा जास्त असेल, तर ती रेती धुतल्याशिवाय नको. मातीमुळे माल हाताखाली मऊ, चिकट आणि सोपा लागतो, आणि नवशिक्याला तेच आवडतं. सुकताना त्याच भिंतीला भेगा पडतात.

मापासाठी पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा वरून कापून घ्या. सिमेंटची ५० किलोची बोरी सुमारे ३५ लिटर भरते, म्हणजे असे सात डबे. आतल्या भिंतीला एक डबा सिमेंटला सहा डबे रेती घ्यावी. यातून १२ मिलीमीटर जाडीनं साधारण वीस चौरस फूट होतं. शिकणाऱ्यानं एका वेळी यापेक्षा जास्त माल कालवूच नये, कारण पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात माल भिंतीवर गेला पाहिजे. उशीर झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो मऊ करता येतो. पण त्याची ताकद गेलेली असते. दमट रेती मापात फुगते. पावसाळ्यात ओलसर रेतीचे सहा डबे म्हणजे कोरड्या रेतीचे पाच-सव्वापाचच भरतात. तेव्हा सातवा डबा थोडा घालावा लागतो. कालवायला मातीवर नको, पत्रा किंवा जाड प्लास्टिक अंथरा.

पाण्याचा प्रश्न पश्चिम विदर्भात मोठा आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी खारट असेल तर ते मालात घालू नये. भिंतीला पांढरा लोणा फुटतो, रंगाचे पोपडे सुटतात. हत्यारंही एका रात्रीत गंजतात. प्यायला चालेल तेच पाणी मालाला, आणि हत्यारांचा शेवटचा हातही त्याच पाण्यानं.

सिमेंटला हात लावण्याआधी आठवडाभर खोटा माल वापरा. पाच डबे चाळलेल्या रेतीला एक डबा चाळलेली पांढरी माती, आणि पाणी. सांदवाडीतल्या, म्हणजे घरामागच्या वाडीतल्या, किंवा गोठ्याच्या भिंतीवर तो फेकायचा, खरवडून खाली पाडायचा, पुन्हा कालवायचा. खर्च शून्य. इथे फक्त मनगट शिकतं. भिंतीपासून फूट-दीड फुटावरून, थापी किंचित तिरपी ठेवून, खांद्यानं नाही तर मनगटाच्या झटक्यानं. फेक बरोबर बसली की माल ‘थप्’ करून पसरतो, कडा भिंतीला चिकटतात आणि तो तिथेच राहतो. पातळ असेल तर वरणासारखा ओघळतो. घट्ट असेल तर आपटून पायावर येतो. पाचातल्या चार फेकी भिंतीवर राहायला लागल्या की सिमेंटची बोरी फोडा.

पहिली खरी भिंत मागची घ्या, सावलीतली, फार तर पाच फूट रुंद आणि पाच फूट उंच. पश्चिमेची नको. विटांचे सांधे दहा मिलीमीटर खोल खरवडा, ब्रशनं धूळ काढा. काँक्रीट आणि विटेच्या जोडावर दोन्हीकडे सहा-सहा इंच येईल अशी कोंबडजाळी खिळ्यांनी ताणून बसवा, नाहीतर भेग बरोबर त्याच रेषेत पडते. लाल वीट पाणी फार पिते, तिला आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी भिजवा. कोराडी किंवा चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या राखेची वीट तेवढं पीत नाही, तिला ब्रशनं ओलावा पुरतो. भिंत गडद दिसावी, पण पाण्याची चमक नसावी. चमक असेल तर माल घसरतो.

मग ठिय्ये, म्हणजे थराची जाडी ठरवणाऱ्या खुणा. वर दोन कोपऱ्यांत मालाच्या गोळ्यावर टाइलचा दोन इंची तुकडा बसवा, दोघांमध्ये सूत ताणा. भिंतीतली सर्वांत पुढे आलेली वीट शोधा; तिच्यापासून सुतापर्यंत किमान दहा मिलीमीटर हवेत. ओळंब्यानं खालचे दोन ठिय्ये वरच्याच्या रेषेत बसवा. ठिय्यांमधलं अंतर चार फूट, म्हणजे पाच फुटी पट्टी दोन्हींवर नक्की टेकते. वरच्या आणि खालच्या ठिय्याच्या मध्ये मालाची उभी पट्टी भरा, ती जरा आवळू द्या, मग मधली जागा फेकून भरा. कुठे वीस मिलीमीटरपेक्षा खोल खळगा असेल तर तो आदल्या दिवशीच भरून खरखरीत करून ठेवावा. एका दमात जाड थर दिला तर तो स्वतःच्या वजनानं पोट काढतो.

ॲल्युमिनियमची पट्टी त्या दोन उभ्या पट्ट्यांवर टेकवून करवतीसारखी डावी-उजवी हलवत खालून वर न्या. जिथे खड्डा दिसेल तिथे थोडा माल मारा, पुन्हा ओढा. दर ओढीनंतर पट्टीची कड पुसा. रंधा कधी लावायचा हे घड्याळ सांगत नाही, अंगठा सांगतो: हलका दाबल्यावर ठसा पुसट उमटावा आणि माल अंगठ्याला लागू नये. मे महिन्यात ही वेळ पाव तासात येते, डिसेंबरच्या थंडीत तास उलटतो. रंधा ओला करून गोल फिरवा, जिथे ओढल्यासारखं वाटेल तिथे ब्रशनं पाण्याचा हलका शिंतोडा. मग टाइलचे तुकडे काढून ती जागा भरा.

आता हत्यारं तपासून घेतल्याचा फायदा कळतो. भिंतीवर एकाच जागी सरळ रेघ दिसली तर पट्टीची कड बघा. गोल रेघ असेल तर रंध्याखाली स्क्रू वर आला आहे किंवा खडा चिकटला आहे. माल फाटून आला तर रंधा कोरडा किंवा वेळ फार लवकर. पट्टी आडवी लावून मध्ये उजेड दिसला आणि पट्टी तपासलेली असेल, तर चूक हाताची: पट्टी दोन्ही उभ्या पट्ट्यांवर सारखी टेकली नव्हती. दुसऱ्या दिवशी थापीच्या मुठीनं भिंतभर ठोका. जिथे बदबद वाजेल तिथे माल फेकला नाही, ढकलला होता, किंवा वीट कोरडी होती. तेवढा भाग कापून पुन्हा भरायचा, वरून लिंपून लपवायचा नाही.

दुसऱ्या दिवसापासून सात दिवस पाणी. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दिवसातून तीन वेळा पाणी मारलं तरी भिंत तासाभरात पांढरी पडते, तेव्हा ओली पोती लटकवून ठेवावी लागतात.

काम सुटलं की आधी हत्यारं धुवा, मग हातपाय. माल सुकला की थापी ठोकून साफ करण्याची पाळी येते, आणि ठोकलेलं पातं पुन्हा काचेवर सपाट बसत नाही. सुकलाच असेल तर विटेच्या ओल्या तुकड्यानं घासा. थापी पुसून पात्याला तेलाचा हात द्या, पण सकाळी कामाला लागण्याआधी ते फडक्यानं काढून टाका. रंधा सावलीत उभा ठेवा, उन्हात नाही. एका बाजूनं सुकला की वाकतो. पट्टी भिंतीला तिरपी टेकवून ठेवली तर कुणाचा ना कुणाचा पाय लागून ती आपटते. ती दोन खुंट्यांवर आडवी टांगा, ठिपका दिलेली कड वर करून.